चाकावरची माती आणि चाकाभोवतीची धूळ

भातकुलीत मी चाकावर मातीकाम शिकायला जाते हे कळल्यापासून ओपीडीत दोन प्रश्न हमखास येतात. "या वयात हात वळतो का?" आणि "अंगठा दुखत असेल तर चाकावर बसावं का?" मी पन्नाशी ओलांडलेली, अंगठ्याच्या मुळाशी झीज सुरू झालेली, त्यामुळे प्रश्न रास्तच आहेत. दोन्हींची उत्तरं देते. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

आधी हात. नवशिक्याचे पहिले काही आठवडे मातीचा गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणण्यातच जातात. गोळा जरा सरकलेला असला की प्रत्येक फेरीला हाताला धक्का देतो, आणि आपण त्याला मनगटानं, अंगठ्यानं दाबायला बघतो. चिमटीत जेवढा जोर लावू त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर पडतो. दुखणं येतं ते तिथून. मला शिकवणारे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "म्याडम, मातीले जोर नाही लागत. तुमी हालू नका, मंग थे बी हालत नाही." कोपरं मांड्यांवर टेकवली, कमरेतून किंचित पुढे झुकलं, की शरीराचं वजनच काम करतं आणि हात नुसता आडोसा होतो. हे जमल्यापासून माझा अंगठा वाढीव कुरकुरलेला नाही. तुमच्या सांध्याला सूज असेल किंवा रात्री बोटं बधिर होत असतील, तर मात्र आधी तपासून घ्या.

वयाचं म्हणाल, तर मेंदू नवी हालचाल कुठल्याही वयात शिकतो, फक्त सावकाश. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. म्हणून रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं बरी. मध्ये एकदा उठून पाठ सरळ करायची. काका तरुणपणी जड चाक काठीनं फिरवत, उकिडवे बसून. आता विजेचं चाक आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018 मध्ये आली, तिच्यातून अशी चाकं देशभर गेली. कुंभारांच्या कमरेसाठी ही चांगलीच गोष्ट झाली.

आता मुद्द्याचं. मी पोचते तेव्हा माती मळून तयार असते. ती तयार करतात काकू. (हे त्यांच्या परवानगीनं लिहितेय.) गाळाची वाळलेली ढेकळं फोडायची, चाळायची, त्यात राख आणि लीद मिसळायची, मग तुडवायची. आपल्याकडची काळी माती एकटी चालत नाही. वाळताना ती इतकी आकसते की भांडं तडकतं. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आठवा. शिवाय आपला खारपाणपट्टा, त्यामुळे वाळत्या मडक्यावर क्षारांची पांढरी झाक येते. नंतर आवा लावायचा: गोवऱ्या, पऱ्हाटी, तुराटी. तो धूरही बऱ्याचदा काकूंच्याच वाट्याला.

चाकाला मात्र त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. कुंभारकाम करणाऱ्या अनेक घरांत बायकांनी चाकावर बसायचं नाही, असा रिवाज आहे. मी बाहेरची, म्हणून मला चालतं. हे मला खटकतंच, आणि डॉक्टर म्हणून तर जास्त खटकतं. कारण चाकावर माती ओली असते, धूळ उडत नाही. छातीला धोका आहे तो कोरड्या मातीत, म्हणजे काकूंच्या कामात.

मातीत, वाळूत सिलिका असते. तिचे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि तिथे वर्षानुवर्षं व्रण करत राहतात. हा सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून निघत नाही, आणि त्यात क्षयरोगाचा धोकाही वाढतो. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यातही कुंभारांवर प्रकरण आहे, पण ते मुख्यतः भांड्यांच्या झिलईतल्या शिशाबद्दल. आपल्या माठांना झिलईच नसते, ती काळजी नको. आपल्याकडे कायद्यानं सिलिकोसिस नोंद करण्याजोगा आजार आहे. पण अंगणात माती चाळणारी बाई कुठल्या कारखान्यात मोडते?

पदर किंवा रुमाल हे कण अडवत नाही. नीट बसणारा एन-95 मास्क अडवतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ढेकळं कोरडी न फोडता भिजवून, पातळ करून गाळून घेणं, आणि अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडणं. मी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "पानी कुठून आनू, डाक्टरीनबाई?" खारपाणपट्ट्यात याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. सध्या एवढंच ठरलंय: चाळायचं ते वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून, आणि नातवंडांना तेव्हा दूर ठेवून. माझ्या वर्गाची माती आम्ही भिजवूनच गाळतो, ते काम मी करते.

काकूंच्या एक्स-रेमध्ये सिलिकोसिसच्या खुणा नाहीत. पण फुंकर तपासणीत श्वासनळ्या अरुंद निघाल्या, आणि त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. दर हिवाळ्यात खोकल्याचं औषध त्या घेत आल्या आहेत. त्यांच्या जुन्या केसपेपरांवर 'व्यवसाय' या रकान्यात गृहिणी लिहिलंय, कारण विचारल्यावर त्या "काही नाही, घरीच असतो" असं सांगतात. तुमच्या घरात कुणी माती चाळत असेल, आवा लावत असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा चालताना दम असेल, तर डॉक्टरांना आधी ते काम सांगा, खोकला नंतर.