केडगावचे उघडे दार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, म्हणजे हडपसर, लोणी, उरुळी, यवत ही स्थानके एकामागून एक मागे पडतात, दोहो बाजूंस उसाचे मळे दिसू लागतात, आणि तास-दीड तासात केडगाव येते. हे स्थानक आमच्या घराण्यास नवे नव्हे. येथून जवळच बेट केडगाव येथे नारायण महाराजांचे दत्तमंदिर आहे, आणि त्या दत्ताच्या दर्शनास आमच्या घरातील माणसे तीन पिढ्या येत आलेली आहेत. परंतु त्याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदनही आहे, आणि त्या तीन पिढ्यांत आमच्यापैकी एकाचेही पाऊल कधी तिकडे वळले नव्हते. ते का वळले नाही व यंदा कसे वळले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहो.

यंदा दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर आम्ही घरची सात माणसे निघालो. बरोबर आमच्या थोरल्या आत्याबाई होत्या. त्यांचे वय आज ब्याऐंशी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक कन्या दीर्घ आजाराने गेली. त्या आजारात आत्याबाईंनी नवस, जप, पारायणे यांत कसलीही कसूर ठेविली नव्हती. मुलगी गेल्यावर त्या रडल्या-भेकल्या नाहीत. मात्र देवघरातील समई त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लाविली नाही. सुना लावीत, आत्याबाई दुरून हात जोडीत. नमस्कार सुटला नव्हता. मागणे सुटले होते. घरात हे सर्वांना ठाऊक होते व कोणी त्याविषयी बोलत नव्हते.

दत्ताचे दर्शन आटोपून आम्ही परत स्थानकाकडे निघालो, तो आत्याबाई म्हणाल्या, "गाडीला अवकाश आहे. आज मला रमाबाईंच्या मुक्तीला न्या. आपल्या घराचे तिथले एक देणे राहिले आहे."

आम्ही चकित झालो. मग वाटेत त्यांनी जी हकीकत सांगितली, ती आमच्या घरात इतकी वर्षे कुजबुजीच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती.

आमच्या पणजोबांची एक धाकटी बहीण होती. घरात तिला सर्व जण माई म्हणत. आठव्या वर्षी लग्न व दहाव्या वर्षी वैधव्य, असे त्या काळच्या शेकडो मुलींचे प्राक्तन तिच्याही वाट्यास आले. पणजोबा तेव्हा नुकतेच वकील झालेले, सुधारकी मताचे. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले होते. तेथे त्यांनी माईला १८९१ साली घातले. दोन वर्षे ती तेथे शिकली. पुढे १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. सदनात धर्मशिक्षण देणार नाही, असे त्यांचे अभिवचन होते. परंतु त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे ठेवीत, आणि मनास येईल ती मुलगी आत जाऊन बसे. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्यांत माईही होती.

पालकांच्या त्या भीतीला काहीच आधार नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. सदनातील काही मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. घरच्या पोरक्या लेकीचा धर्म बदलेल, या विचाराने त्या काळच्या माणसांचे काळीज हलले असेल, तर त्यांस नावे ठेवणे आज आपणांस फार सोपे आहे. परंतु धर्म राखला, एवढ्यावर घरचे समाधान मानून बसले, आणि हातातून पाटी गेलेली ती मुलगी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात बसली, हेही तितकेच खरे.

"माई त्या दाराच्या आत कधी गेली नाही," आत्याबाई म्हणाल्या. "उंबरठ्यावर बसायची. मला स्वतः तिने सांगितलंय. बाई काय म्हणतात ते तिला पुरतं कळायचं नाही. पण रोज त्याच वेळेला, त्याच जागी, तेच मागणं मागणारी बाई तिनं तिथं पाहिली. घरी आल्यावर तिने तेच धरलं. दर एकादशीला आजोबांपुढं उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, 'दादा, मला शिकायला पाठवा.' आजोबा कधी रागावले, कधी उठून गेले. ही पुढच्या एकादशीला पुन्हा हजर. अशी सात वर्षं!"

सात वर्षांच्या एकादश्या दीडशेहून अधिक होतात. अखेर १९०० साली पणजोबांनी तिला हिंगण्यास धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात पोचविले. तेथून शिकून ती शिक्षिका झाली, आणि म्हातारपणी आत्याबाईंना अक्षरे तिनेच गिरवावयास लाविली. माई ख्रिस्ती झाली नाही. विष्णुसहस्रनाम म्हणत तिने डोळे मिटले. पण मागत राहण्याची शक्ती आपणांस कोणत्या उंबरठ्यावर मिळाली, हे ती कधी विसरली नाही.

ही हकीकत संपते न संपते तोच आम्ही मुक्तीच्या आवारात येऊन पोचलो. आवार विस्तीर्ण आहे. झाडे जुनी, वाटा झाडलेल्या, आणि दूर कोठे मुलींच्या खेळण्याचा आवाज. तेथील एका वयस्क बाईंनी आमचे स्वागत केले. लहानपणापासून त्या येथेच वाढलेल्या. "या आजी, पायरी जपून," असे म्हणत त्यांनी आत्याबाईंचा हात धरिला व आम्हांस सर्व दाखविले.

रमाबाईंचे चरित्र वाचकांपैकी अनेकांस माहीत असेल. परंतु येथील भूमीवर उभे राहून ते आठवले, म्हणजे त्याचा अर्थ निराळा लागतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले. पुढे १८७० नंतरच्या दुष्काळाने या तीर्थयात्री कुटुंबास गाठले. जवळ होते नव्हते ते द्रव्य देवदर्शन, अनुष्ठाने व दानधर्म यांत खर्च झाले. पाऊस पडला नाही, अन्न मिळाले नाही. वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्यास पोचल्या, १८७८ साली तेथील पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळविली. परंतु परंपरागत उपासनेवरील त्यांचा विश्वास हळूहळू उडाला. पुढे भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षे होण्यापूर्वीच १८८२ साली पतीही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा राहिली. अशा स्थितीत त्या इंग्लंडास गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आम्हांस एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. मागितलेले मिळाले नाही, म्हणून जिचा विश्वास उडाला, ती बाई पुढे आयुष्यभर प्रार्थना करीत राहिली. आणि ती प्रार्थना हातपाय बांधून बसणाऱ्याची नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या व उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या लहानपणीची भूक त्यांनी त्या मुलींच्या डोळ्यांत पाहिली असेल. केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर येथील मुलींची व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांना वाढविणारे जॉर्ज म्युलर मनुष्याजवळ न मागता देवाजवळच मागत. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते व त्याच मार्गाने त्या चालू पाहत होत्या. १९०५ च्या आरंभी सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेस जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० वर जाऊन दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. मग त्या महिन्याच्या अखेरीस तेथे जी धर्मजागृती झाली, तिची वार्ता देशोदेशी पसरली.

प्रार्थनामंदिर क्रूसाच्या आकाराचे व फार प्रशस्त आहे. त्या काळच्या छायाचित्रांत मुली जमिनीवर रांगेने बसलेल्या दिसतात. आम्हीही तेथे थोडा वेळ टेकलो. आम्हांस हिंडविणाऱ्या बाईंनी लूकच्या शुभवर्तमानातील येशूने सांगितलेली एक गोष्ट आम्हांस ऐकविली. एका गावी एक न्यायाधीश होता. त्याला देवाचे भय नव्हते की माणसाची चाड नव्हती. एक विधवा त्याच्याकडे पुनःपुन्हा जाऊन न्याय मागे. पुष्कळ दिवस त्याने तिला दाद दिली नाही. अखेर तिच्या येण्याला कंटाळून त्याने न्याय दिला. असा मनुष्यही जर ऐकतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्यांचे देव ऐकणार नाही काय, असा त्या गोष्टीचा भाव.

आत्याबाई एकदम हसल्या. कित्येक महिन्यांत आम्ही त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. "अहो, हा न्यायाधीश म्हणजे आमचे आजोबाच की!" त्या म्हणाल्या. पण लगेच त्यांचा चेहरा गंभीर झाला. "बाई, एक विचारते, राग मानू नका. आपण रोज मागता, ते मिळतं का हो?"

त्या बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, कधी मिळतं, कधी नाही. आमच्या प्रभूनंसुद्धा धरून नेलं त्या रात्री बागेत मागणं केलं होतं, की हा प्याला माझ्यापुढून दूर होवो. तो दूर झाला नाही. क्रूसावर जावंच लागलं. पण बापाला हाक मारायचं त्यानं सोडलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळ झाली. आमची सगळी आशा त्या सकाळीवर आहे. मागायला जाते म्हणून माझी रोज त्याच्याशी गाठ पडते. मागणं सोडलं, तर गाठच पडायची नाही."

त्यानंतर त्यांनी रमाबाईंच्या मराठी बायबलाची प्रत आमच्यापुढे ठेविली, आणि त्या ग्रंथाची कथा सांगितली. खेड्यातल्या बाईलाही समजावे अशा सोप्या मराठीत बायबल असावे, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. सुमारे अठरा वर्षे हे भाषांतर चालले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियाच करीत. काम शेवटास येत असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आपल्यामागे सर्व भार हिने घ्यावा, म्हणून जिला तयार केले, ती कन्या आईच्या आधी गेली. आईने तिच्यासाठी देवाजवळ काय मागितले नसेल!

प्रथम दुष्काळात मागणे फुकट गेले, तेव्हा रमाबाईंचा विश्वास उडाला होता. या वेळी मागणे फुकट गेले, तेव्हा त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. या दोन प्रसंगांमधील अंतर हेच आमच्या मते त्यांच्या श्रद्धेचे खरे मोल होय. पहिल्या प्रसंगी प्रार्थना हा एक व्यवहार होता. इतके द्यावे, तितके घ्यावे. दुसऱ्या प्रसंगी ती सोबत झाली होती, आणि सोबत हिशेबाने मोडत नाही. पुढे नऊ महिन्यांच्या आत, भाषांतराचे काम पुरे करून, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

मनोरमाबाईंची हकीकत सांगताना आम्ही आत्याबाईंकडे पाहण्याचे टाळले. त्या मात्र स्थिर नजरेने ऐकत होत्या. "किती वर्षांची होती हो मुलगी?" एवढेच त्यांनी विचारिले. चाळीस, असे कळताच त्यांनी मान हलविली. त्यांची कन्याही जवळजवळ त्याच वयाची होती.

आम्ही पंडिता रमाबाईंच्या कबरीपाशी गेलो. दत्ताच्या प्रसादाची फुले आत्याबाईंच्या पदरात होती. त्यांतील दोन शेवंतीची फुले त्यांनी तेथे वाहिली. आमच्यापैकी एका चिरंजीवांनी हळूच विचारिले, "आत्याआजी, प्रसादाची फुलं इथं चालतात का?"

"माईची आहेत," त्या म्हणाल्या. "तिला आपल्या घराने या बाईंच्या दारातून ओढून नेलं होतं. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून कोणी क्षमाही मागितली नाही. आज मागून घेतली."

परतीच्या गाडीत त्या खिडकीपाशी बसून होत्या. यवत गेले, उरुळी गेली. कोणी फारसे बोलले नाही. धर्म त्यांचा त्यांच्याजवळ, आमचा आमच्याजवळ. तो बदलावा असे आम्हांस येथे कोणी सुचविले नाही, आणि आमच्याही मनात तसे काही आले नाही. परंतु शेजारच्या घरातील दिव्याने आपल्या अंगणात उजेड पडला, तर तो पडला असे कबूल करण्यात कोणता कमीपणा आहे?

घरी पोचावयास रात्र झाली. जेवणे आटोपल्यावर आत्याबाईंनी धाकट्या सूनबाईंना हाक मारली.

"उद्या पहाटे समई तू लावू नकोस हो," त्या म्हणाल्या. "फक्त तेल घालून ठेव. वात मी करीन."