सुटी अक्षरं

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात ते बोलणारं कुणी नव्हतं. ते पुस्तकात होतं आणि फळ्यावर होतं. ऑफ तासाला वर्गावर आलेले सर फळ्यावर एखादा लांबलचक शब्द लिहायचे आणि म्हणायचे, 'काढा यातून शब्द.' घरी 'नाव, गाव, फळ, फूल' खेळून तयार झालेली आम्ही पोरं लगेच वहीचं मागचं पान उघडायचो.

सरांचा आवडता शब्द 'एज्युकेशन'. अक्षरं नऊ आणि इंग्रजीतले पाचही स्वर हजर. कॅट, टेन, नेट, टिन यांचा पहिल्या झटक्यात फडशा पडायचा. मग कुणीतरी 'नेशन' ओरडायचं आणि सर खडूनं टिचकी मारून दाखवायचे : नेशनला दोन एन लागतात, आपल्याकडे एकच आहे. एकदा एका मुलीनं 'ओशन' काढला. सी-ई-ए-एन या अक्षरांतून 'शन' कसं आलं, असं कुणी विचारलं, तर सर म्हणाले, 'इंग्रजीत असं विचारायचं नसतं.' आम्ही मान डोलावली आणि पुढचा शब्द शोधायला लागलो. ही नऊच्या नऊ अक्षरं वापरून 'कॉशन्ड' आणि 'ऑक्शन्ड' हे दोन शब्द होतात, हे कळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

पुढे पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षांची तयारी करताना हाच खेळ समोर आला, पण घड्याळ लावून. रीझनिंगच्या पेपरात ठरलेला प्रश्न असायचा : ई, आय, एम, टी ही अक्षरं प्रत्येकी एकदाच वापरून किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द तयार होतील? पर्याय : एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त. टाइम आणि आयटम सगळ्यांनाच दिसायचे. एमिट भौतिकशास्त्र केलेल्याला आठवायचा. माइट म्हणजे किडा, हे माहीत असेल तर गुण पदरात. शेजारच्या टेबलावरचा कॉन्व्हेंटचा मुलगा ओठ हलवत अक्षरं पुटपुटायचा आणि त्याच्या कानाला शब्द ओळखीचा लागायचा. माझ्या कानात काहीच वाजायचं नाही. मी चोवीसच्या चोवीस जुळण्या कच्च्या कागदावर मांडायचो आणि कुठली कधी छापलेली पाहिली आहे, ते आठवायचो. चौथा शब्द मिळाला की थांबायचं, कारण 'तीनपेक्षा जास्त'च्या पुढे मोजणाऱ्याला परीक्षा काही देत नाही. चौथ्याच्या पुढचे शब्द मी नोकरी लागल्यावर शोधले.

बदलीच्या गावी संध्याकाळी करायचं काय, म्हणून स्क्रॅबलचा डबा आणला. या खेळाची कुळकथा माझ्यासारख्याला जवळची वाटावी अशी आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड मोशर बट्स नावाच्या वास्तुविशारदाचं काम गेलं. रिकाम्या हातांनी त्यानं वर्तमानपत्रं समोर घेतली आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं, ते मोजायला बसला. त्या मोजदादीतून सोंगट्यांचा हिशेब ठरला : एकूण 100, त्यांत ई 12, क्यू आणि झेड एकेकच आणि त्यांना 10-10 गुण. एस मात्र त्यानं चारच ठेवले. कुठल्याही नामाला एस चिकटवून अनेकवचन करत सुटणाऱ्यांना आवर घालायला ही कंजुषी. 'स्क्रॅबल' हे नाव 1948 साली जेम्स ब्रुनो यानं दिलं. त्याआधी खेळाची नावं बदलत होती, गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

सोंगट्या हाताळताना इंग्रजी पहिल्यांदा सुटंसुटं झालं. हातात सात अक्षरं आली की आधी आय-एन-जी, ई-डी, ई-आर अशी शेपटं बाजूला काढायची, पुढे यू-एन किंवा आर-ई लागतं का बघायचं आणि मग उरलेल्याकडे वळायचं. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात आली तर सोनंच : रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, काहीही लावा आणि सातही सोंगट्या एकदम उतरवल्याचे 50 गुण वर घ्या. कसलेले खेळाडू अक्षरं वर्णानुक्रमानं लावून पाठ करतात. संगणकही तेच करतो. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीप्रमाणे लावली, की टाइम, आयटम, एमिट आणि माइट हे चारही शब्द ई-आय-एम-टी या एकाच खणात जाऊन पडतात. मी कच्च्या कागदावर जे झगडत होतो, ते फोन आज डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो.

लेक शाळेत असताना तिनं मराठी स्क्रॅबलचा हट्ट धरला. आम्ही पुठ्ठा कापायला बसलो आणि पहिल्याच सोंगटीला अडलो. 'क' केला, आता 'की' आणि 'कु' वेगळे करायचे, की काना, वेलांटी, उकार यांच्या सुट्या सोंगट्या? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मांडायची की नंतर? 'स्त्री' किती घरांत बसवायची? 26 अक्षरांचा डबा 100 सोंगट्यांत आटोपतो. आमची बाराखडीच त्याच्या पलीकडे जाऊ लागली. पुठ्ठा माळ्यावर गेला आणि आम्ही इंग्रजीवर परतलो.

लेक इंग्रजी माध्यमातली. तिच्याशी खेळताना माझ्या शब्दांची खरी झाडाझडती होते. यू नसताना क्यू अडकला की मी क्यू आणि आय शेजारी ठेवतो. 'बाबा, हे काय आहे?' 'क्यूआय.' 'त्याला ची म्हणतात! चिनी शब्द आहे.' असे किती तरी शब्द माझ्याकडे आहेत, जे मी कोशात पाहिले, पटावर मांडले, पण तोंडानं कधी उच्चारले नाहीत. तिचं उलट. तिला उच्चार आधी येतो, स्पेलिंग मागून.

न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यानं शब्दकोश पाठ केला होता. ही बातमी मी लेकीला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'बोलता येत नाहीत ते शब्द काय कामाचे?' तिच्या जागी ती बरोबर आहे. तिला इंग्रजी गप्पा मारायला मिळालं. मला ते अर्ज लिहायला आणि पेपर सोडवायला मिळालं. त्यात कुणी ना कुणी उच्चार, व्याकरण किंवा अर्थ तपासायला बसलेलंच असायचं. पटावर ती तपासणी नाही. शब्द कोशात आहे की नाही, एवढंच विचारता येतं, आणि तो हक्क दोघांना सारखा. इतक्या सरळ अटींवर इंग्रजी मला दुसरीकडे कुठे भेटलं नाही.

अलीकडे गुण तिचेच जास्त असतात. पण पिशवीतून क्यू माझ्या हाती लागला, हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं की ती अजूनही कोश जवळ ओढून बसते.