दोष दाखवणाऱ्याचा दोष

संपादकांची मागणी साधी आहे: रोजच्या वादांत आढळणारे दहा तर्कदोष, प्रत्येकाला एकेक उदाहरण, वाचकाला घरबसल्या ओळखता यावेत असे. आम्हा तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांकडे अशा याद्या तयारच असतात. तरीही ती यादी मी देणार नाही, कारण यादी हाती पडल्यावर लोक तिचं काय करतात ते आता उघड दिसतं आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी काही लिहिलं की पुतण्या उत्तरादाखल नुसतं दोषाचं नाव टाकतो: 'स्ट्रॉमॅन', 'कन्फर्मेशन बायस'. नाव टाकलं की वाद जिंकला, अशी समजूत. काकांचं म्हणणं खरं की खोटं, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहतो. मला एवढंच म्हणायचं आहे की 'तुमच्या युक्तिवादात दोष आहे' हेही एक विधानच आहे. ते करणाऱ्यालाही पुरावा द्यावा लागतो.

हे माझ्या पदरचं नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडायची ती वितंडा. आपण 'वितंडवाद' हा शब्द कोणत्याही हुज्जतीला लावतो, पण मूळ अर्थ इतका नेमका आहे की वरच्या पुतण्याला तो मापून शिवल्यासारखा बसतो. पुढे सूत्रांत पाच हेत्वाभास म्हणजे फसवी कारणं, तीन छल म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा विपर्यास, चोवीस जाती म्हणजे फसवी प्रत्युत्तरं, आणि बावीस निग्रहस्थानं येतात. निग्रहस्थान म्हणजे जिथे बोलणारा हरला असं म्हणता येतं ती जागा. त्या बावीसांतली दोन नावं जिभेला जड आहेत, पण माझा सगळा लेख त्यांच्यावरच उभा आहे. एक, पर्यनुयोज्योपेक्षण: समोरच्याची चूक झालेली असताना ती न पकडणं. दुसरं, निरनुयोज्यानुयोग: चूक झालेली नसताना ती झाली असं म्हणणं. दोष पाहून गप्प बसणारा हरतो, तसाच नसलेला दोष दाखवणाराही हरतो. आजच्या याद्यांनी पहिली भीती घातली आणि दुसरी विसरून टाकली.

नसलेला दोष दिसतो, कारण आपण वाक्याची घडण पाहतो, आणि घडणीवरून दोष ठरत नाही. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याला 'एका उदाहरणावरून सरसकट निष्कर्ष काढलास' असं कोणी म्हणत नाही. सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. म्हणून एक शीत पुरतं. 'आमच्या आजोबांनी जन्मभर विड्या ओढल्या आणि नव्वदी गाठली' या वाक्याची घडण अगदी तशीच आहे, पण इथे पातेलं एक नाही, आणि जे पन्नाशीतच गेले त्यांचा दाखला अशा बैठकीत निघत नाही. अशा न सांगितलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उपाधी म्हणतात. धुरावरून आग ओळखता येते, पण आगीवरून धूर ओळखता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. धुरासाठी आगीखेरीज ओलं सरपण लागतं, आणि बोलणाऱ्याने ते न सांगताच गृहीत धरलेलं असतं. दोष दाखवायचा म्हणजे हे ओलं सरपण दाखवायचं. नुसतं नाव घेणं म्हणजे दाखवणं नव्हे.

हे न पाळल्याने काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण आमच्याच क्षेत्राचं आहे. बास्केटबॉलमध्ये खेळाडूने ओळीने काही चेंडू टाकले की त्याचा हात तापला, पुढचाही पडणार, असं खेळाडू मानतात. १९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी आकडेवारी तपासून सांगितलं की यशानंतर यशाचं प्रमाण काही वाढत नाही. हात तापणं हा निव्वळ भ्रम आहे, असं त्यांचं म्हणणं. 'हॉट हँड' पाठ्यपुस्तकात गेला, डॅनियल काहनेमन यांच्या २०११ च्या गाजलेल्या पुस्तकातही भ्रम म्हणूनच आला. मग २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि ॲडम सॅनहुर्हो यांनी मोजणीतच खोट दाखवली. कागद-पेन्सिल घ्या. नाणं तीनदा उडवलं तर आठ ओळी संभवतात. प्रत्येक ओळीत छाप्यानंतर लगेच आलेल्या फेकींत छापे किती टक्के, ते लिहा. दोन ओळींत अशी फेकच नाही, त्या सोडा. उरलेल्या सहांत छापा-छापा-छापा आणि काटा-छापा-छापा यांना शंभर, छापा-छापा-काटा हिला पन्नास, बाकी तिघींना शून्य. सरासरी अडीचशे भागिले सहा, म्हणजे सुमारे ४२. नाणं निर्दोष, तरी पन्नास नाही! शंभर फेकींच्या मालिकेत ओळीने तीन छाप्यांनंतरच्या फेकी अशा मोजल्या तरी सरासरी ४६ च्या आसपासच राहते. म्हणजे खेळाडूचं प्रमाण यशानंतर 'वाढलं नाही' याचा अर्थ अपेक्षेपेक्षा ते वाढलेलंच होतं. हात किती तापतो यावर अजून मतभेद आहेत. पण तेहतीस वर्षं खेळाडूंना भ्रमिष्ट ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी ओलं सरपण पाहिलंच नव्हतं, यावर नाहीत. मी इथे गरजेपेक्षा जास्त रेंगाळलो, कबूल आहे. पण ही गोष्ट आमच्या वर्गांतसुद्धा पुरेशी सांगितली जात नाही.

यावर आक्षेप येईल की तज्ज्ञ एकदा चुकले म्हणून पूर्वग्रहांचं सगळं संशोधनच मोडीत काढायचं का. मुळीच नाही. चूक सापडली तीही बारीक हिशेबानेच, आणि हाच माझा मुद्दा आहे. पूर्वग्रहाचं नाव सांगतं ते माणूस एखादी गोष्ट का मानतो हे. ती गोष्ट खरी आहे का, हे ते सांगत नाही. औषध कंपनीकडून मानधन घेणाऱ्या डॉक्टरांचा कल तिकडे असू शकतो; म्हणून त्यांची आकडेवारी दुप्पट काळजीने तपासावी, न तपासता फेकून देऊ नये. शिवाय हा आरसा आपण स्वतःकडे क्वचितच धरतो. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की लोकांना पूर्वग्रह स्वतःपेक्षा इतरांत जास्त दिसतात. २०१२ मध्ये रिचर्ड वेस्ट आणि कीथ स्टॅनोविच यांच्या गटाला आढळलं की बुद्धी जास्त असल्याने हा आंधळेपणा कमी होत नाही. शिकलेला माणूस यादी पाठ करतो आणि ती फक्त समोरच्यावर चालवतो, यात मग नवल कसलं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: खोटे उपचार आणि खोट्या बातम्या फिरत असताना इतका विचार करत बसलं तर खोटं पुढे निघून जाईल. जाईल, म्हणूनच पर्यनुयोज्योपेक्षणही हार मानली आहे. गप्प बसायला मी सांगत नाही. 'काढा घेतला आणि ताप उतरला' या निरोपाला उत्तर द्यावंच. पण ते 'काकतालीय' किंवा 'पोस्ट हॉक' असं नको. साधा विषाणूजन्य ताप काही दिवसांत आपोआप उतरतो, मग काढा न घेतलेल्यांचा किती दिवसांत उतरला, एवढं विचारावं. या प्रश्नाला शास्त्राचं नाव लागत नाही आणि काकांचा अपमानही होत नाही.

तेव्हा या दिवाळीत कोणाच्या बोलण्यात दोष दिसला, तर त्याचं नाव मनातच ठेवा आणि ओलं सरपण कुठे आहे ते साध्या मराठीत सांगा. ते सांगता आलं नाही, तर गौतमाच्या नियमाने त्या वादात तुम्ही हरलात.