सुईतले औषध आणि जरूरत

शस्त्रक्रिया शिकणाऱ्याचे सगळे लक्ष हातांवर असते. टाका कसा घालायचा, गाठ कशी बसवायची, रक्तवाहिनी कशी पकडायची, यात आमची पहिली वर्षे गेली. पण शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत संपते आणि पेशंट त्यानंतर कित्येक दिवस औषधांवर असतो. म्हणून औषधशास्त्र हे फक्त परीक्षेपुरते नाही, हे आम्हाला वॉर्डाने शिकवले.

हेपॅरिनचेच घ्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट पडून राहतो. पायांच्या शिरांतले रक्त संथ होते, गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर चांगली पार पडलेली शस्त्रक्रियाही व्यर्थ. म्हणून पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनची सुई देतात. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन मुळातच असते. ते गोठण्याच्या क्रियेला लगाम घालते. हेपॅरिन त्याला चिकटते आणि त्याचे काम कैकपटीने वेगवान करते. नवी गुठळी धरत नाही. जुनी मात्र हेपॅरिन विरघळवत नाही.

दुष्परिणाम दोन मुख्य. पहिला रक्तस्राव, त्यावर प्रोटामिनचा उतारा आहे. दुसरा उफराटा. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी प्लेटलेट निम्म्यावर येतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधानेच गुठळ्या होऊ लागतात. अशा वेळी हेपॅरिन ताबडतोब थांबवावे लागते.

पुस्तक आम्हाला इथवर आणते. पुढचा प्रश्न एका म्हाताऱ्या चाचांनी विचारला. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली, हातात तसबीह. सुई पाहून हळूच म्हणाले, "बेटा, ये किस चीज से बनती है? हराम तो नहीं ना?"

उत्तर आम्हाला ठाऊक होते. 1916 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लेन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून या औषधाची वाट निघाली. यकृताच्या ग्रीक नावावरून त्याला हेपॅरिन म्हणू लागले. आज जगातले बहुतेक हेपॅरिन मात्र डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढले जाते. त्यापासून बनणारे एनॉक्सापॅरिनही त्याच मुळाचे.

अशा वेळी दोन सोपे मार्ग दिसतात. एक, "काही नाही चाचा, साधी सुई आहे," म्हणून पुढच्या खाटेकडे वळायचे. हे खोटे आहे, आणि पेशंटच्या देहावरचा त्याचा हक्क डावलणारे आहे. दुसरा, "दवा में सब जायज है," असे सांगून मोकळे व्हायचे. हे खोटे नाही, पण अर्धवट आहे.

कुराणाने मजबूर माणसाला सूट दिली आहे. जरूरत असेल तर मनाई सैल होते, हे आमच्या घरांतल्या अनपढ नानीलाही माहीत असते. 1995 साली कुवेतमध्ये आलिम आणि डॉक्टर एकत्र बसले होते. मूळ पदार्थाचे रूप पूर्ण पालटले तर तो पाक ठरतो, हे मत तिथे मांडले गेले. जिलेटिनच्या कॅप्सूलला त्याचा आधार मिळतो. हेपॅरिन मात्र आतड्यातून वेगळे काढतात. त्याचे रूप पालटले असे म्हणणे कठीण. तिथे आधार उरतो तो जरूरतचाच.

पण जरूरत आहे की नाही, हे ठरवणार कोण? मौलवीसाहेब नियम सांगतील. पर्याय आहे का, हे डॉक्टरनेच सांगायचे. फोंडापॅरिनक्स नावाचे औषध पूर्णपणे प्रयोगशाळेत बनते. त्यात कोणत्याही जनावराचा अंश नाही. तेही अँटिथ्रॉम्बिनमार्फतच काम करते. पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, शरीरात दिवसभर रेंगाळते आणि प्रोटामिनने उतरत नाही. मूत्रपिंड फार कमजोर असेल किंवा वजन 50 किलोपेक्षा कमी असेल, तर शस्त्रक्रियेनंतर गुठळी टाळण्यासाठी ते देऊ नये.

चाचांचे मूत्रपिंड फार कमजोर होते. आम्ही त्यांच्याशेजारी स्टूलवर बसून सगळे सांगितले: औषध कुठून येते, दुसरे काय आहे, ते तुम्हाला का चालणार नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सच बोला, अच्छा किया. अब लगाओ." काही दिवसांनी एका खालांनी हाच प्रश्न केला. त्यांचे मूत्रपिंड चांगले होते, वजनही पुरेसे. त्यांना फोंडापॅरिनक्स दिले. सवाल एकच, जवाब दोन. आणि दोन्ही जवाब औषधशास्त्रातूनच आले.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. कॅप्सूलचे कवच कशाचे, असे जैन पेशंटही विचारतात. "अडाणी आहेत," म्हणून हसणारे आमच्या पेशात कमी नाहीत. आम्हाला वाटते, औषध कसे काम करते आणि काय बिघडवू शकते याबरोबर ते कुठून येते, हेही शिकणाऱ्याने पाठ करावे. ज्या डॉक्टरला पर्यायच माहीत नाही, त्याने मजबुरीचा हवाला देऊ नये.