हात पुढं करून दाखवा

हुपरीतला चांदीचा कारागीर पैंजणाला घुंगरू जोडताना काम डोळ्यांजवळ ओढून घेतो. इचलकरंजीत यंत्रमागावरच्या कामगाराची नजर हातभर लांबच्या धाग्यांवर असते. दोघंही पन्नाशीतले, लांबचा नंबर कुणालाच नाही आणि तक्रार एकच: जवळचं दिसत नाही. तरी कोल्हापुरातला जाणता चष्मेवाला दोघांना सारखी चाळिशी देत नाही. नंबरचा कागद उघडण्याआधी तो विचारतो, "काम काय करता? हात पुढं करून दाखवा, वस्तू कुठं धरता?" अंतर कागदाशी जुळलं नाही, तर डॉक्टरांशी बोलून नंबर पुन्हा ठरतो. या धंद्यातली खरी कारागिरी इथं सुरू होते.

हिशेब सरळ आहे. शंभरला सेंटिमीटरमधल्या अंतरानं भागायचं. ४० सेंटिमीटरवरच्या वर्तमानपत्राला अडीच डायॉप्टरची ताकद लागते, २५ सेंटिमीटरवरच्या घुंगराला चारची. तरुणपणी ही ताकद डोळ्यातलं भिंग आकार बदलून पुरवतं. वयानं ते ताठरलं की जेवढी उणीव, तेवढी काचेनं भरायची.

मग काचेचा प्रकार. बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ साली एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचं कौतुक केलं होतं. आजच्या बायफोकलची कल्पना तीच, वर लांबचं, खाली जवळचं. फ्रान्समध्ये १९५९ साली व्हॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच आली, तिनं मधली रेघ घालवून संगणकाएवढं अंतरही दिलं. पण प्रोग्रेसिव्हच्या दोन्ही कडांना धूसरपणा असतो, मान वळवून पाहावं लागतं. शिवाय दोन्ही प्रकारांत जोतिबाच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना खालच्या भागातून पायरी अस्पष्ट होते. फिरत्या आजोबांना म्हणूनच चालण्यापुरता लांबचा वेगळा चष्मा बरा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभ्या असणाऱ्याला पॉलिकार्बोनेटचीच काच हवी, तीही बाजूनं झाकलेल्या सुरक्षा चष्म्यात. लोखंडाचा कीस सांगून उडत नाही.

सर्वांत नाजूक काम मायनस सहा नंबरच्या कॉलेजकुमाराचं. त्याला रुंद फ्रेम आवडते, पण मायनसची काच कडेला जाड होत जाते. लहान फ्रेम आणि १.६७ निर्देशांकाची काच घेतली तर जाडी आवरते. केंद्र मात्र बाहुलीसमोरच यायला हवं. ते ४ मिलिमीटर सरकलं, तर मीटरभर अंतरावर किरण २.४ सेंटिमीटर ढळतात आणि डोकं धरतं. म्हणून काच कापायला देण्याआधी चष्मेवाला फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवतो, समोर बसून फ्रेममधल्या नमुना काचेवर बाहुलीसमोर मार्करनं ठिपका देतो, आणि पोराची मान जरा हलली तरी पुसून पुन्हा देतो.