एक लाइन, चार टेबले

बी.एड.ला जाण्याआधी दोन वर्षे मी तुमसरमधल्या एका तांदूळ व्यापाऱ्याच्या ऑफिसात टायपिंगचे काम करत होते. साल २००० चे. तुमसर म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातली धानाची मोठी बाजारपेठ. ऑफिसात कॉम्प्युटर चार आले होते, पण टेलिफोनची लाइन एकच आणि मॉडेमही एकच. बोलणे, फॅक्स, ई-मेल, सगळे त्या एका तारेवरून. दुसरी लाइन घ्या म्हटले की शेठजी म्हणत, "आहे त्यात भागते ना?"

आजच्या मुलांनी मॉडेम पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगते. टेलिफोनची तार आवाज वाहून नेण्यासाठी होती आणि कॉम्प्युटरची भाषा आकड्यांची. आकड्यांचा आवाज करून तो तारेवर सोडायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, एवढे काम ती छोटी पेटी करी. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांतून तिचे नाव झाले. नंबर लागताना जी किर्र-खर्र ऐकू येई, ती दोन मॉडेमची एकमेकांशी चाललेली बोलणी. वेग फार तर सेकंदाला ५६ किलोबिट. आज आपण सहज पाठवतो तसा एक एमबीचा फोटो सगळे सुरळीत असले तरी दोन-अडीच मिनिटे घेई, आणि सगळे सुरळीत क्वचितच असे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. तालुक्याच्या गावी ते पोचायला आणखी काही वर्षे गेली.

चारही कॉम्प्युटर तारेने जोडलेले होते आणि मॉडेम त्यांतल्या एकाला. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकाचे इंटरनेट बाकीच्यांना वापरू देण्याची सोय होती. फॅक्सचेही तसेच. आपल्या टेबलावरून प्रिंट काढतो तसा हुकूम द्यायचा, की कागद मॉडेमवाल्या कॉम्प्युटरकडे जाऊन रांगेत उभा राही.

पण दोन्ही कामांत मोठा फरक होता. इंटरनेटवर जाणाऱ्या मजकुराचे छोटे छोटे तुकडे होतात. दोन-तीन टेबलांचे तुकडे आळीपाळीने एकाच तारेवरून जाऊ शकतात. सगळ्यांचेच काम हळू होते, पण होते. फॅक्सला मात्र कागद पूर्ण जाईपर्यंत अख्खी लाइन लागते. आणि मध्येच वरच्या मजल्यावर शेठजींच्या घरी कोणी जोडफोनचा रिसीव्हर उचलला, की चालू असलेले काम तुटले. पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मुनीमजींनी एक वही घातली होती. नाव, काम, किती मिनिटे, आणि शेवटचा रकाना तातडीचा. ज्याचे नाव आधी त्याचा नंबर आधी. पुढे जायचे असेल तर आधीच्या माणसाला विचारायचे. शेठजींचा मुलगासुद्धा वहीत नाव लिही.

फॅक्सची एक गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. तेव्हा उर्दू टाइप करायला इनपेज हे सॉफ्टवेअर होते, पण ते छापखान्यात. त्यात केलेला मजकूर ते नसलेल्या कॉम्प्युटरवर पाठवला तर उघडत नसे. मराठीचेही हाल तेच. तुमच्याकडचा फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर पत्राच्या जागी भलतीच अक्षरे उमटत. फॅक्सला लिपी कळतच नाही. तो फक्त काळे कुठे आणि पांढरे कुठे एवढेच वाचतो. त्यामुळे हाताने लिहिलेली नस्तालिक जशीच्या तशी पलीकडे पोचे. मोहल्ल्यातली माणसे अधूनमधून कागद घेऊन येत आणि शेठजी नाही म्हणत नसत.

एका बुधवारी दुपारी शेजारच्या चाची आल्या. चाचा नागपूरच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते, मुलगा जेद्दाहला नोकरीवर. डॉक्टरांचे पत्र मिळाल्याशिवाय कंपनी रजा देणार नव्हती. सौदीत तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुटी असे. त्या संध्याकाळी कागद गेला नाही तर गोष्ट शनिवारवर जाणार होती. वहीत तीन नावे आधी होती. मुनीमजींनी ती मोठ्याने वाचली आणि तिघांनाही विचारले. दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्याला मुंबईच्या व्यापाऱ्याला भाव कळवायचे होते. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "माझे भाव उद्या सकाळी गेले तर तांदूळ काही सडत नाही."

पहिल्यांदा पलीकडचा नंबर एंगेज. दुसऱ्यांदा अर्धा कागद गेला आणि वर कोणीतरी रिसीव्हर उचलला. मग मुनीमजींनी एका पोराला वरच्या फोनजवळ उभे केले. तिसऱ्यांदा कागद गेला. डॉक्टरांच्या इंग्रजी पत्राखाली चाचींनी उर्दूत चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही गेल्या. मुलगा वेळेत पोचला. चाचांनी त्याला ओळखले, हात धरला.

एक मॉडेम चार टेबलांना पुरवण्याचे काम यंत्राने केले. आधी कोण, हे मात्र वहीने आणि माणसांनी ठरवले.

आता वायफाय आले, मोबाईलचा हॉटस्पॉट आला. तुकड्यांची वाटणी यंत्र आपोआप करते, म्हणून नंबर लावायचे दिवस गेले असे आपल्याला वाटते. माझ्या सातवीच्या वर्गातल्या कित्येक घरांत ते गेलेले नाहीत. स्मार्टफोन एकच, तो दिवसभर अब्बांच्या खिशात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे पहिल्यांदा ठळक दिसले, आणि शाळा उघडल्या तरी अभ्यास थोडाफार फोनवर राहिलाच. संध्याकाळी फोन घरी येतो. आधी भाईजानकडे, मग कार्टूनसाठी धाकट्याकडे. मुलगी भांडी आवरून येते तोवर दिवसाचा डेटा संपलेला असतो. एका मुलीने मला साधेपणाने सांगितले, "आपा, मी झोपल्यावर माझा नंबर लागतो."

यात कोणाच्या मनात खोट असते असे मी म्हणत नाही. त्या घरात वही नसते, एवढेच. नंबर लिहिलेला नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर आधी लागतो आणि जी गप्प बसते तिचा शेवटी. शिवाय तिचे काम तातडीचे आहे का, हे कोणी विचारत नाही.

मागच्या पालकसभेत मी मुनीमजींच्या वहीबद्दल सांगितले आणि चार रकाने फळ्यावर काढून दाखवले. काही आया हसल्या. काहींनी घरी भिंतीवर कागद लावला. एकीने मगरिबनंतरचा अर्धा तास मुलीच्या नावावर लिहिला आणि भांडी त्यानंतर, तीही भावाबहिणीने मिळून, असे ठरवले. काही घरांत काहीच बदलले नाही, त्यांच्याशी पुढच्या सभेत पुन्हा बोलेन.

तुमच्या घरी फोन एकच असेल, तर आज फोन घरात आला की तो कोणाच्या हाती देण्याआधी मुलीला विचारा, "तुझे काय काम आहे, आणि कधीपर्यंत?" ती काय सांगते ते कागदावर लिहा, आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा लावा.