चांदोबा एक, दिसतो मात्र वेगवेगळा

चांदोबा सगळ्या मुलांचा मामा आहे. डोंबिवलीच्या मुलांचा तोच आणि वांगणीजवळच्या आमच्या गावातल्या मुलांचाही तोच. तरी तो सगळ्यांना सारखा का दिसत नाही? हा प्रश्न यंदा कोजागिरीला आमच्या अंगणात निघाला.

त्या रात्री माझा खरा मामा डोंबिवलीहून आला होता. बरोबर मामी आणि दादा होते. आईने दूध आटवले होते. दादा वर बघून म्हणाला, "तुमच्याकडचा चंद्र जास्त पॉवरचा आहे. आमच्याकडे एवढं चांदणं पडतच नाही." मी म्हटलं, "चंद्र काय दोन आहेत?" तेवढ्यात ओट्यावरून आजी म्हणाली, "कसलं चांदणं! हल्ली चांदोबात दम राह्यला नाय." अशी तिघांची तीन मते झाली.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सगळ्या वर्गाला समजावून सांगितले. डोंबिवली आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर आहे. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबून तो दोन्ही गावांना सारखाच प्रकाश पाठवतो. चंद्राचा प्रकाश कमीजास्त होतो हे खरे. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच उजेड देतो. पण हा फरक सगळ्यांनाच सारखा असतो.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याच्या प्रकाशाचे शंभरातले सुमारे १२ भाग तो परत पाठवतो. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. त्याने पाठवलेल्या फोटोंत तिथली माती राखाडी दिसते. मग चंद्र एवढा चमकतो कसा? कारण भोवतालचे आकाश त्याहून काळे असते. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी शाळेत येताना पश्चिमेला बघा. तोच चंद्र ढगाच्या तुकड्यासारखा फिका दिसतो.

डोंबिवलीत असेच होते. तिथे रस्त्यावर दिवे, इमारतींवर दिवे, दुकानांवर दिवे. त्या उजेडात चांदणे बुडून जाते. शिवाय आपल्या डोळ्यातली बाहुली उजेडात लहान होते आणि अंधारात मोठी होते. डोळ्यांना अंधाराची चांगली सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणूनच मुंबईच्या खगोल मंडळाची माणसे तारे बघायला वांगणीला येतात.

हवेमुळेही फरक पडतो. हवेत धूळ आणि धूर असला की चंद्र मंद दिसतो. आमच्याकडेसुद्धा उगवताना तो तांबूस असतो. तेव्हा त्याचा प्रकाश तिरका, जास्त हवेतून येतो. वर चढला की तोच पांढरा शुभ्र होतो.

दादाचं कोडं सुटलं. पण आजीचं काय? ती आमच्याच अंगणात होती. अंधार तोच, हवा तीच. मग फरक डोळ्यातच असणार. गुरुजी म्हणाले, "आजीला एकेक डोळा झाकून चंद्र बघायला सांग."

रात्री मी तसे सांगितले. आजी आधी हसली. मग तिने डावा डोळा झाकला. म्हणाली, "धुरात कंदील ठेवल्यागत दिसतोय." मग उजवा झाकला. थोडा वेळ ती गप्पच राहिली. मग म्हणाली, "अगं बाय, ह्या डोळ्यानं बरा दिसतोय की!"

बाबा ऐकत होते. दोन वर्षे झाली, आजी रात्रीच्या भजनाला जात नव्हती. कारण विचारलं तर सांगत नव्हती. त्याच आठवड्यात बाबांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्यात जास्त, डाव्यात थोडा. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होते. डॉक्टर ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात.

ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. आजी घाबरली आहे. "डोळ्याला हत्यार लावणार व्हय?" असं रोज विचारते. मी तिला सांगितलंय, मी तुझ्याबरोबर येणार. दत्तजयंतीला पौर्णिमाच असते आणि देवळात भजन असतं. तेव्हा आपण दोघी जाऊ.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या आजी-आजोबांनाही एकेक डोळा झाकून चांदोबा बघायला सांगा. शाळेत येणाऱ्या आईबाबांनीही बघावा. एका डोळ्याने मंद दिसला तर चांदोबाला नावे ठेवू नका, डॉक्टरांना डोळा दाखवा.